पॉलिशिंग मशीन अचानक जास्त हादरायला लागलंय, बेअरिंग गेलं असेल का?

तुम्ही लिहिलंय की १५ मिमी थ्रोचं डीए पॉलिशर (गाडीचा रंग चमकवणारं, पॅड गोल फिरवता फिरवता डोलवणारं मशीन) वर्षभर नीट चाललं, आता एक बॉनेट होईपर्यंत हाताला मुंग्या येतात, आणि दुकानदार बेअरिंग बदला म्हणतोय. बेअरिंग गेलेलं असूही शकतं. पण मी स्वतः डिटेलिंग (गाड्यांची बारकाईने सफाई आणि पॉलिश) करतो, आणि माझी कळकळीची विनंती आहे की मशीन उघडण्याआधी त्याच्या तोंडाला काय लावलंय ते बघा.

या मशीनची प्लेट, म्हणजे जिच्यावर वेल्क्रोने स्पंजचा पॅड चिकटतो ती चकती, मोटरच्या मध्यावर बसवलेलीच नसते. १५ मिमी थ्रो म्हणजे प्लेटचा मध्य साडेसात मिमी बाजूला, आणि तो मिनिटाला काही हजार फेऱ्या मारतो. एका बाजूला गेलेला हा भार तोलायला समोर एक धातूचं वजन असतं. कंपनी ते वजन ठरावीक प्लेट आणि पॅड धरूनच ठरवते. प्लेट बदलली किंवा जड पॅड लावला की तोल बिघडलाच.

माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. मोठ्या गाड्यांची छतं लवकर उरकावीत म्हणून ५ इंची प्लेटच्या मशीनला मी ६ इंची लावली. हादरे वाढले, मी बेअरिंग बदलून घेतलं, तरी फरक शून्य. जुनी प्लेट परत लावली आणि त्याच दिवशी हात शांत झाला.

म्हणून सुरुवात पॅडपासून करा. धुतलेला पॅड आतून ओला राहिला, किंवा कंपाउंड (पॉलिशची घासणारी पेस्ट) पिऊन जड झाला, की मशीन थरथरणारच. मशीन पॅडवर उभं करून ठेवायची सवय असेल तर स्पंज एका बाजूने दबतो, तेही तपासा. पॅड मध्यावर बसलाय का हे नजरेने ठरवू नका, कडेने बोट फिरवून सगळीकडे सारखी जागा सुटतेय का बघा. नवा, कोरडा पॅड लावून हादरे गेले तर प्रश्न तिथेच मिटला.

मग प्लेट. पॅड काढून वेल्क्रो उजेडात धरा. मधला भाग काळपट, चकचकीत आणि गुळगुळीत लागत असेल तर उष्णतेने आकडे वितळलेत आणि पॅड चालू कामात सरकतोय. त्यानंतर प्लेटची कड अंगठ्याने दाबत गोल फिरा. एखाद्या ठिकाणी वेल्क्रो आणि मागचा मऊ थर यांच्यात फट उघडली, तर प्लेट बाद समजा. ही फट वरून दिसत नाही, दाबल्यावरच कळते. प्लेट काढलीच आहे तर स्पिंडलवरची (प्लेट ज्या दांड्यावर बसते त्यावरची) वॉशर जागेवर आहे का आणि समोरच्या वजनाचा स्क्रू ढिला नाही ना, तेही बघून घ्या.

आता बेअरिंग. प्लग काढा, आतलं वजन एका बोटाने अडवून धरा आणि दुसऱ्या हाताने प्लेट सावकाश फिरवा. वजन धरलं नाही तर सगळंच एकत्र फिरतं आणि काही समजत नाही. तुमच्या मशीनची प्लेट सक्तीने (गिअरने) फिरणारी नसेल, तर ती लोण्यासारखी फिरायला हवी. वाळू अडकल्यासारखी करकर लागली, किंवा प्लेट धरून आडवी हलवल्यावर टकटक झाली, तर दुकानदार बरोबर आहे. कंपाउंडची भुकटी आणि पाणी आत जाऊन बेअरिंग असंच खराब होतं. नवं बसवताना प्रेसवर बसवून घ्या. हातोड्याने ठोकलं तर धक्का आतल्या गोळ्यांवर जातो आणि नवं बेअरिंगही आवाज करायला लागतं.

सगळं ठीक निघालं तर प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारा आणि काम करताना तिच्याकडे बघा. रेघ गोल फिरत असेल तर उत्तम. एकाच जागी थरथरत असेल तर प्लेट अडतेय, म्हणजे दाब जास्त पडतोय किंवा पॅड तिरका धरला जातोय. गाडीच्या वळणदार भागावर हे हमखास होतं. तिथे छोटा पॅड लावा आणि हात हलका ठेवा.

तोवर त्या मशीनवर सलग काम करू नका. मुंग्या रोज येत राहिल्या तर बोटांच्या नसा आणि रक्तवाहिन्या दुखावतात, आणि ते मशीनसारखं दुरुस्त होत नाही. तुमच्या प्लेटचं माप आणि वर्षभरात प्लेट किंवा पॅड बदललाय का, एवढं कळवा, पुढचं सांगतो.