अनइन्स्टॉल करताना रनटाइमही काढून टाकावा का?

नका काढू. तुमच्या सेटअपने व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल (सी++ प्रोग्रामना चालायला लागणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सामायिक फाइल्स, म्हणजे रनटाइम, बसवणारं पॅकेज) टाकलं म्हणून ते तुमच्या मालकीचं होत नाही. प्रोग्राम गेल्यावर मशीनवर त्याचा मागमूस राहू नये असं तुम्हाला वाटतं, ते मला पूर्ण पटतं. पण हा नियम फक्त तुमच्या स्वतःच्या फाइल्सना लावा.

व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ ते २०२२ या सगळ्यांचा रनटाइम १४ क्रमांकाच्या एकाच मालिकेतला आहे. नवी आवृत्ती आली की ती जुनीच्या जागी बसते, त्यामुळे ६४ बिटसाठी मशीनवर एकच प्रत असते. समजा, तुमच्यानंतर दुसरा एक प्रोग्राम आला. त्याच्या सेटअपने रजिस्ट्री (विंडोजची नोंदवही) पाहिली, रनटाइम आधीच आहे हे दिसलं आणि तो काहीच न टाकता पुढे गेला. आता तुमच्या अनइन्स्टॉलरने तो रनटाइम उचलला, की पुढच्या वेळी तो दुसरा प्रोग्राम उघडताना 'व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल सापडली नाही' असा संदेश येणार (डीएलएल म्हणजे प्रोग्राम वापरतात ती तयार कोडची फाइल). वापरणारा दोष त्या बिचाऱ्या प्रोग्रामला देतो आणि खरं कारण तुमच्यापर्यंत कधी पोचतच नाही. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

विंडोजकडे मोजणीची सोय आहे. एमएसआय (विंडोजचा स्वतःचा इन्स्टॉलर) प्रत्येक कॉम्पोनंट, म्हणजे बसवलेला भाग, कोण कोण वापरतंय ते मोजतो, शेअर्ड डीएलएलसाठीही रजिस्ट्रीत आकडा असतो. पण नुसतं 'आहे ना?' एवढं बघून पुढे गेलेल्या सेटअपने तो आकडा वाढवलेलाच नसतो. अशा आकड्यावर विसंबून काही पुसू नये.

मी करतो ते असं: आधी रजिस्ट्रीतली आवृत्ती तपासायची, जुनी असेल किंवा नसेलच तरच रीडिस्ट्रिब्युटेबल सायलेंट, म्हणजे काही न विचारता, चालवायचं. त्याच्याकडून ३०१० हा कोड परत आला तर काम झालंय, फक्त रीस्टार्ट हवाय. १६३८ म्हणजे आधीच नवीन आवृत्ती आहे. या दोन्हींना अपयश समजून सेटअप थांबवू नका, ही चूक सर्रास दिसते. सेटअप विक्स या साधनाने बनवत असाल, तर त्यात त्या पॅकेजला पर्मनंट (अनइन्स्टॉलमध्ये न निघणारं) करून टाका. इनो सेटअप या दुसऱ्या साधनामध्ये रन विभागातून चालवलेलं अनइन्स्टॉलच्या वेळी आपोआप निघत नाही, तिथे वेगळं काही करायला नको.

मागे काहीच उरू नये ही अट ग्राहकाचीच असेल, तर लागणाऱ्या डीएलएल तुमच्या ईएक्सईशेजारी त्याच फोल्डरमध्ये ठेवा. मायक्रोसॉफ्टला हे चालतं. प्रोग्राम डॉटनेटमधला (मायक्रोसॉफ्टचं दुसरं प्लॅटफॉर्म, त्याचा रनटाइम वेगळा) असेल तर सेल्फ-कंटेन्ड, म्हणजे रनटाइम सोबतच घेऊन, पब्लिश करा; आकार वाढतो, पण फोल्डर पुसलं की सगळं गेलं. फक्त मग त्या डीएलएलमधली सुरक्षेची दुरुस्ती तुम्हालाच तुमच्या अपडेटमधून पोचवावी लागते, कारण सामायिक प्रत सुधारली तरी तुमची खासगी प्रत जुनीच राहते. म्हणून नेटवर्कवरून किंवा अनोळखी फाइल्समधून डेटा वाचणारा प्रोग्राम असेल आणि नियमित अपडेट देणं जमणार नसेल, तर मी सामायिक रनटाइमच वापरतो आणि अनइन्स्टॉलच्या शेवटच्या पानावर तो मागे ठेवल्याचं एका ओळीत सांगतो.