पट्टा ताणणारा लॅब्राडोर

प्रश्न : आमचा १० महिन्यांचा लॅब्राडोर जॉगिंग ट्रॅकवर आम्हालाच फिरवतो. पट्टा खेचला की आणखी ओढतो. पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतो. दोन फटके द्यावेत का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : नकोत. फटक्याने कुत्रा हाताला बिचकायला शिकतो, चूक त्याला कळतच नाही.

तुम्ही खेचलंत की तो उलटा जोर लावतो. आणि ओढत ओढत झाडापाशी पोचला की ओढण्याचं बक्षीस मिळालंच की! म्हणून पट्टा ताठ झाल्याक्षणी खांबासारखे थांबा. झटका नाही, ओरडणं नाही. तो वळून पट्ट्याला झोळ पडला की लगेच ‘शाब्बास’ आणि हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा, तोही तुमच्या पायाशी. हात पुढे करून दिलात तर तो पुढेच पळेल. सुरुवातीला १० मिनिटांत गल्लीचं टोकही गाठणार नाही, चालेल. आधी शांत गल्ली, ट्रॅक नंतर. पट्टा दीड-दोन मीटरचा साधा घ्या. आपोआप लांब-आखूड होणारा कायम ताणलेलाच असतो.

उडी मारली की पाठ फिरवा, चारही पाय जमिनीवर टेकले की लाड करा. पाहुणे येताना सुरुवातीला पट्टा लावूनच ठेवा. मात्र नियम घरात सगळ्यांचा एकच हवा. आजोबा ‘येऊ दे रे, लेकरू आहे’ म्हणाले, की आठवड्याची मेहनत गोदावरीत!