पहिल्यांदाच सर्व्हेला निघालास ना?

शासनाच्या पैशातलं काम आहे म्हणून बिचकू नकोस. पण दारात पहिलं सांगायचं ते हेच: पैसा कुणाचा आणि माहिती जाणार कुठं. बीडकडं ऊसतोड बायकांना गर्भपिशवीच्या ऑपरेशनबद्दल विचारताना मुकादम शेजारी टेकला असेल, तर फॉर्म पिशवीत घाल, चहा पी, उद्या परत जा. नवी पोरं इथंच चुकतात. दुसरी चूक म्हणजे ‘माहिती दिली की घरकुल मिळंल’ असं बोलून जाणं. मीही एकदा बोललो. म्हातारी वर्षभर फोन करत होती. कुणी नकार दिला तर तसाच नोंदव, गळ घालू नकोस. प्रायोजक तर कधीच लपवू नकोस. परदेशात बंडं का होतात याचा अमेरिकी लष्कराच्या पैशातला अभ्यास, ‘प्रोजेक्ट कॅमलॉट’, प्रायोजक लपवला म्हणून चिलीत असाच उघडा पडला आणि १९६५ मध्ये गुंडाळावा लागला. नमुना निवड, आकडेमोड नंतर बघू.