गिझरचं भांडण दीडशेचं, पॉलिसी अठ्ठेचाळीस हजारांची

प्रश्न: सांगलीत विश्रामबागला मित्रासोबत वन बीएचकेत राहतो. भाडं ८ हजार, निम्मं-निम्मं. पगार २४ हजार. मित्र गिझर दोन-दोन तास चालू ठेवतो, दूध संपवतो, गावाकडून आलेलं तूपसुद्धा. वेगळी खोली साडेसहा हजारांत मिळतेय. घेऊ का? (त्याच्या मामांकडून गेल्या वर्षी एफडीसारखी विमा पॉलिसी घेतलीय, पाच वर्षांत दुप्पट. ४८ हजारांचा दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे, तो मित्राकडूनच उसना घेईन.)

उत्तर: खोलीचं आधी उरकू. पंधरा लिटरचा गिझर वीस-पंचवीस मिनिटांत पाणी तापवतो, मग थर्मोस्टॅट करंट तोडतो. बटण चालू राहिलं म्हणून चार युनिटं जळत नाहीत, फार तर रोज अर्धं युनिट जादा. युनिटला दहा रुपये धरा, महिन्याला १५०, त्यातले तुमचे ७५. दूध-तुपाचे हजार धरा. एवढ्यासाठी भाड्यात अडीच हजार जादा, वर वीजबिल आणि वायफाय एकट्याच्या डोक्यावर? राहा तिथंच. एक तारखेला दोघांनी दीड-दीड हजार दूध, किराणा, सिलिंडरसाठी बाजूला काढा. तूप आपल्या कपाटात.

आता कंसातलं. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला चौदा टक्क्यांहून जास्त. अशी हमी कुठलीच पारंपरिक (शेअर बाजाराशी न जोडलेली) पॉलिसी देत नाही. तुम्ही पाठवलेल्या कागदावर काय आहे? १२ वर्षं हप्ते, विसाव्या वर्षी सुमारे १२ लाख. म्हणजे जेमतेम पाच टक्के. हेच पैसे पीपीएफ या सरकारी बचत योजनेत, आजचा ७.१ टक्के दर टिकला तर, १६ लाखांच्या घरात जातात. मामांनी एफडी म्हटलं, तुम्ही सही केलेल्या पानावर तो शब्द कुठंच नाही.

दुसरा हप्ता भरू नका, उसना घेऊन तर मुळीच नाही. पॉलिसी नको म्हणून परत करायची ३० दिवसांची फ्री-लूक मुदत गेली. पण १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असेल, तर वर्ष सरल्यावर पॉलिसी मध्येच बंद केली तरी काही रक्कम (सरेंडर रक्कम) परत मिळते. ती किती, हे विमा कंपनीच्या शाखेतून लेखी घ्या. आकडा बघून पोटात गोळा येईल, तरी ४८ हजारांतला तोटा ९६ हजारांतल्यापेक्षा बरा. ‘दुप्पट’वाला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज असेल तर जपा, आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, तिथं दाद लागली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे.

आणि मामांना काय कळवायचं ते मित्राच्या तोंडून नको, शाखेला लेखी अर्ज द्या. नाहीतर रात्री जेवताना ‘एवढा एक हप्ता भर रे’ सुरू होईल, तेही तुमच्याच तुपाशी.