पांगुळगाडा जड हवा, चाक सुस्त हवं

प्रश्न : नात साडेनऊ महिन्यांची आहे. सावंतवाडीहून लाकडी पांगुळगाडा आणावा असं आमचं म्हणणं, तर सूनबाईंना गाणी वाजवणारा प्लास्टिकचा हवा आहे. कोणता घ्यावा? (वेंगुर्ले)

आधी नातीकडे बघा. पलंगाचा काठ किंवा आजोबांचा गुडघा धरून ती आपली आपण उभी राहते का? धरून दोन पावलं आडवी सरकते का? तसं असेल तर गाड्याची वेळ झाली. उभं करावं लागत असेल तर थांबा, पैसे कुठे जात नाहीत. चालणं मूल जमिनीवर रांगून, धरून, पडून शिकतं. गाडा फक्त सरावाला सोबत करतो.

लाकूड की प्लास्टिक यापेक्षा वजन आणि तोल महत्त्वाचा. मूल दांडा धरून उठतं तेव्हा सगळा भार खाली आणि मागे ओढतं. हलका गाडा त्या क्षणी पुढून उचलला जातो आणि दांडा बाळाच्या तोंडावर येतो. प्लास्टिकचे बरेच गाडे दीड-दोन किलोचे असतात, म्हणून ते इथेच मार खातात. साडेतीन-चार किलोचा गाडा सहसा जागचा हलत नाही.

दुकानातच पाहता येईल अशी एक परीक्षा सांगतो. दांड्याच्या मध्यावरून ओळंबा सोडा. दोऱ्याला किल्ली बांधली तरी चालेल. ती मागच्या चाकांच्या कण्याच्या पुढे, निदान चार-पाच सेंटीमीटर आत पडली पाहिजे. कण्याच्या मागे पडत असेल तर तो गाडा कितीही देखणा असो, परत ठेवा. मग दांड्याला चार किलो तांदळाची पिशवी अडकवा. पुढचं चाक जमिनीवरच राहायला हवं. शेवटी मागच्या चाकांना पाय लावून दांडा हलकेच मागे ओढा. लगेच कलंडला तर नको.

दांड्याची उंची मुलाच्या बेंबीच्या वर आणि छातीच्या खाली हवी. सत्तर-पंचाहत्तर सेंटीमीटर उंचीच्या मुलाला साधारण चाळीस ते पंचेचाळीस सेंटीमीटर बेतात बसते. दांडा खाली असला की मूल वाकून पळतं, वर असला की टाचा उचलून लोंबकळतं. जाडी दोन-अडीच सेंटीमीटर, म्हणजे मूठ पूर्ण मिटेल इतकी. चाक आणि चौकट यांच्यातली फट पाच मिलीमीटरपेक्षा कमी किंवा बारापेक्षा जास्त असावी; मधल्या मापाच्या फटीत बोट जातं आणि चाक फिरलं की अडकतं.

गाण्यांचा गाडा घेणारच असाल तर बॅटरीचं झाकण स्क्रूनेच बंद होणारं हवं. बटणासारखा चपटा सेल मुलाने गिळला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. तशी नुसती शंका आली तरी लगेच रुग्णालय गाठायचं, वाट पाहायची नाही.

प्रश्न : सावंतवाडीच्या चितारआळीतल्या, म्हणजे लाकडी खेळणी करणाऱ्या कारागिरांच्या आळीतल्या गाड्यावर आयएसआयचा शिक्का नाही. मग तो घेऊ नये का? (कुडाळ)

1 जानेवारी 2021 पासून भारतात खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. पण हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या मालाला त्यातून सूट मिळालेली आहे. तेव्हा शिक्का नाही म्हणून कारागिराचा माल वाईट ठरत नाही. नोंदणी आहे का आणि रंग कोणता वापरला, हे दोन प्रश्न त्याला सरळ विचारा. वर सांगितलेल्या परीक्षा मात्र शिक्का असो नसो, घेणाऱ्यानेच करायच्या.

प्रश्न : मामाने मुंबईहून बसायचा वॉकर आणला. मूल त्यात खूश असतं आणि कामंही उरकतात. वाईट काय? (दापोली)

मधोमध झोळी असलेला, चाकांचा तो गोल वॉकर वापरू नका. त्यात मूल चवड्यांनी ढकलतं, तोल सांभाळायला शिकत नाही, आणि चालणं लवकर येण्याऐवजी लांबू शकतं. त्याहून मोठी भीती वेगाची. एका सेकंदात तीन फुटांच्या वर जातो तो. तुम्ही पोळी तव्यावर टाकून वळेपर्यंत मूल ओटीच्या पायऱ्यांवर पोचलेलं असतं. शिवाय बसल्या जागेवरून हात वर पोचतो, चहाच्या कपापर्यंत. कॅनडाने 2004 मध्ये या वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. मामांना वाईट वाटेल हे खरं, पण त्याची चाकं काढून टाका म्हणजे पुन्हा कुणाला देताही येणार नाही. हात मोकळे हवे असतील तर माजघरात चटई घाला आणि दाराला आडकाठी लावा.

प्रश्न : माळ्यावर सासऱ्यांच्या वेळचा पांगुळगाडा सापडला. रंग उडालाय, बारीक भोकं आहेत. काजूचं तेल मारलं की नवा होईल, असं दीर म्हणतात. (देवगड)

काजूच्या टरफलांचं तेल दारांना आणि वाशांना उत्तम, वाळवी त्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. पण कातडीला लागलं की फोड येतात, हे काजू फोडणाऱ्या बायकांच्या हातांकडे पाहिलं की कळतं. आणि दात येणारं मूल दांडा चावतंच. तेव्हा या गाड्यावर ते अजिबात नको. खोबरेलही नको, ते खवट होतं आणि त्यावर धूळ बसून चिकटा धरतो.

खरी अडचण जुन्या रंगाची आहे. घरगुती रंगातलं शिसं दहा लाख भागांत नव्वदवर आणणारा नियम 2016 चा, अमलात आला 2017 च्या अखेरीस. त्याआधीच्या रंगात शिसं भरपूर असू शकतं, आणि पिवळा, लाल, हिरवा यांच्यावर जास्त संशय घ्यावा. असा रंग कोरडा घासायचा नाही, कारण धूळ पोटात जाते. सुताराकडे देऊन रंधा मारून घ्या, तोही घराबाहेर, खाली प्लास्टिक अंथरून. घरीच करायचं तर पाण्याचा पॉलिश पेपर वापरा, नाकाला मास्क लावा, आणि मूल आजोळी असताना काम उरका. निघालेलं भुसकट न्हाणीच्या चुलीत घालू नका. शिसं जळत नाही, राखेत उरतं, आणि तीच राख भांडी घासायला येते.

भोकांखाली रव्यासारखी पिवळसर भुकटी पडत असेल तर किडा जिवंत आहे. दाभण टोचून पाहा. सहज आत गेलं तर तो तुकडा बदला. पावडर नसेल आणि लाकूड टणक लागत असेल तर भोकं जुनी आहेत, चालतील. खिळे सगळे काढा. खाऱ्या हवेत लोखंड गंजून फुगतं, लाकूड तडकतं आणि खिळ्याचं डोकं वर येतं. त्या जागी पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, आधी बारीक भोक पाडून.

वर रंग नको, चपडा (पॉलिशसाठी मिळणारी लाख) द्या. अर्धा लिटर स्पिरिटमध्ये शंभर ते सव्वाशे ग्रॅम चपडा रात्रभर भिजवा, कपड्याने गाळा, आणि तीन पातळ हात मारा. दोन हातांमध्ये तासभर जाऊ द्या. चुलीजवळ हे काम करू नका. नंतर आठवडाभर वाऱ्यावर ठेवा. पावसाळ्यात हे करायला जाल तर दमटपणामुळे चपडा पांढरा पडतो, म्हणून एप्रिल-मे किंवा दसऱ्यानंतरचा काळ बरा.

एवढा खटाटोप नको वाटत असेल तर गाडा कपाटावर शोभेला ठेवा. आठवण म्हणून पुरे.

प्रश्न : गाडा फरशीवर सुसाट पळतो, मूल मागून तोंडावर पडतं. आणि पाऊस लागला की चाकंच फिरत नाहीत. (रत्नागिरी)

दोन्हीचं कारण वेगळं. पळणाऱ्या गाड्याला आधी पकड द्या. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून दोन-तीन सेंटीमीटर रुंदीची कडी कापा आणि चाकावर ताणून बसवा. रबर भेगाळलं की लगेच बदला. मग कण्याच्या नटाखाली रबरी वॉशर घालून चाक सुस्त होईपर्यंत आवळा. तरी पळत असेल तर पुढच्या चाकाच्या वरच्या चौकटीवर दोन किलो वाळूची जाड कापडी पिशवी, तोंड शिवून, घट्ट बांधा. टोपलीत सुटी वाळू ठेवू नका, ती तोंडात जाते. मोजे काढा, फरशीवर अनवाणी पायच धरतो.

पावसात लाकूड फुगतं. चाकाच्या भोकात आणि कण्यात मिलीमीटर-दीड मिलीमीटरची मोकळीक नसेल तर ते जून-जुलैत जाम होणारच. चाक काढून भोक कानसने थोडं वाढवा आणि कण्यावर मेणबत्ती घासा.

गाडा कुठे चालवता तेही पाहा. शेणाने सारवलेली जमीन उत्तम, कारण चाक धरते. जांभ्याच्या चिऱ्यांच्या अंगणात छोटं चाक सांध्यात अडकतं. तिथे बारा सेंटीमीटरच्या वरचं हवं. उंबरठ्याला चाक आपटून गाडा थांबतो आणि मूल पुढे जातं, म्हणून दार बंद. विहिरीकडचं तर नक्कीच.

प्रश्न : मुलगा तेरा महिन्यांचा, अजून धरूनच चालतो. गाडा उशिरा घेतला म्हणून? (मालवण)

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत निरोगी मुलं आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ 8.2 ते 17.6 महिने इतका लांब आढळला. तुमचा मुलगा त्यात मजेत बसतो. अठरा महिने होऊनही चालत नसेल, किंवा त्याआधीच एका बाजूचा हातपाय कमी वापरत असेल, कायम चवड्यांवर उभा राहत असेल, आधी येत असलेलं काही येईनासं झालं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.