पार्लरला जायच्या आधी

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा पोवई नाक्यावरून फोन केलास तेव्हा आवाज भरून आला होता तुझा. ‘सोमवारपासून केस स्ट्रेट करून ये, काउंटरवर हा असला अवतार चालणार नाही,’ असं मॅनेजर म्हणाले आणि तू पार्लरच्या खर्चाचं विचारत होतीस. तो खर्च लगेच करू नकोस.

बावीस वर्षं मी इथल्या एमआयडीसीत नोकरभरतीचं काम केलं. एकदा मुलाखतीला एक मुलगी आली. केस तुझ्यासारखेच, दाट कुरळे. तेल थापून, आठ-दहा पिना खोचून चापून बसवलेले, तरी कपाळावर दोन बटा सुटल्याच होत्या. बोलताना ती सारखी त्या मागं सारत होती. हिशेबाला पक्की होती. मी तिच्या फॉर्मवर ‘टापटीप नाही’ असं लिहिलं आणि दुसरीला घेतलं. तिला कारण कधीच कळलं नाही. माझ्या अक्षरातले ते शब्द मला अजून डोळ्यासमोर दिसतात.

केसांचा प्रत्येक नियम अन्यायाचा नसतो गं. लेथजवळ मोकळी वेणी गुंतली तर टाळू सोलून निघते; तिथं केस टोपीत हवेतच. मसाल्याच्या पॅकिंगला जाळी हवीच. पण ते नियम बाई-बाप्या सगळ्यांना सारखे, आणि ते ‘बांध’ म्हणतात, ‘बदल’ म्हणत नाहीत. तू रोज केस धुऊन, बांधून जातेस. बिल करायला ते सरळ कशाला लागतात?

बाईच्या केसांचं काय करायचं ते दुसऱ्यांनी ठरवायचं, हे आपल्याकडं जुनंच. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं नाभिकांनीच विधवांचं केशवपन करायला नकार दिला. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी, आणि जोतीरावांचं मूळ गाव आपल्या खटावातलं कटगुण.

कायद्याचं खरं सांगते. कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये केसांवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध कायदा झाला, कृष्णवर्णीयांच्या कुरळ्या केसांना आणि वेण्यांना कामावर हरकत घेतली जायची म्हणून. आपल्याकडं तसा वेगळा कायदा नाही. घटनेची भेदभावाविरुद्धची १५ आणि १६ ही कलमं मुख्यतः सरकारला बांधतात, खासगी शोरूमला थेट नाही. म्हणून कागद जमव. मॅनेजरना मेसेज टाक: ‘सर, केसांचा नियम कुठे लिहिला आहे? प्रत मिळेल का?’ एवढंच, भांडण नको. तारीख, शब्द, समोर कोण होतं, सगळं वहीत उतरव. ‘अवतार’ हा शब्दसुद्धा. बोलणं अंगचटीला गेलं तर कामावरच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

एवढं करूनही ते अडूनच बसले आणि पगारासाठी तू केस सरळ केलेस, तर मी तुला नावं ठेवणार नाही. घरचा हप्ता मला ठाऊक आहे. पण तो निर्णय तुझा असू दे, घाबरून घेतलेला नको.

सोमवारी नेहमीसारखे केस बांधून जा. मेसेजचा मजकूर आधी मला दाखव, रात्री दहापर्यंत मी जागी असते.

तुझी,
मावशी