पिट्सबर्गमधले पाच तास

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझा निरोप मिळाला. परिषद दुपारी बाराला संपते, विमान रात्री नऊचं, आणि बाकीचे सगळे आउटलेट मॉलला निघालेत. त्यांच्याबरोबर जाऊ का, असं विचारलंस. जाऊ नकोस. घरच्यांसाठी चॉकलेटं विमानतळावरही मिळतील. तसले मॉल अमेरिकेत गावोगावी आहेत, पिट्सबर्ग एकच आहे.

सातला विमानतळ गाठायचा, म्हणजे साडेपाचला निघायला हवं. हाताशी उरले पाच तास. एवढ्या वेळात दहा ठिकाणं उरकायला गेलं की रात्री फोटो चाळताना कुठला कुठला तेच कळत नाही. तू यादी करूच नकोस. एक प्रश्न मनात धर: हे शहर नेमकं इथेच का वसलं? या प्रश्नाचं उत्तर इतकं उघड्यावर मांडून ठेवलेलं दुसरं शहर मी तरी अमेरिकेत पाहिलेलं नाही.

म्हणून आधी वर जा. नदीपलीकडे माउंट वॉशिंग्टन नावाचा उभा डोंगर आहे. बॅग हॉटेलच्या काउंटरवर ठेव आणि टॅक्सीने ड्युकेन इनक्लाइनच्या खालच्या स्टेशनवर उतर. तिथवर चालत जायच्या भानगडीत पडू नकोस, नदीकाठच्या त्या रस्त्यावर गाड्या भरधाव असतात. इनक्लाइन म्हणजे तीव्र उतारावरच्या रुळांवरून दोराने ओढला जाणारा डबा. लांबी सुमारे 800 फूट, चढ 400 फुटांचा. एक डबा वर निघाला की दुसरा खाली यायला लागतो, दोघांची वजनं एकमेकांना तोलून धरतात, त्यामुळे यंत्राला ओढायचं ओझं थोडंच उरतं. डबे 1877 सालचेच आहेत, आतून चेरीच्या लाकडाचे. वरच्या स्टेशनात यंत्रघर बघायची सोय आहे, ते चुकवू नकोस. तू मेकॅनिकलची, म्हणून मुद्दाम सांगते: तिथल्या मोठ्या चाकाचे दाते लाकडाचे आहेत, आणि अजून त्यावरच काम चालतं. 1962 मध्ये ही इनक्लाइन बंद पडली होती. वरच्या वस्तीतल्या रहिवाशांनी वर्गणी काढून पुढच्या वर्षी ती पुन्हा सुरू केली.

बाहेर पडलीस की ग्रँडव्ह्यू अव्हेन्यू. इथे घाई करू नकोस, अर्धा तास तरी कठड्याला टेकून उभी राहा. डावीकडून अ‍ॅलेघेनी येते, उजवीकडून मोनोंगहेला, आणि समोरच्या टोकाशी दोन्ही मिळून ओहायो नदी सुरू होते. ओहायो मिसिसिपीला मिळते, मिसिसिपी थेट मेक्सिकोच्या आखाताला. म्हणजे या टोकावर ज्याचा ताबा, त्याच्या हाती खंडाच्या पोटातला जलमार्ग. 1753 मध्ये एकवीस वर्षांच्या जॉर्ज वॉशिंग्टनने हे टोक पाहून इथे किल्ला हवा असं नोंदवलं. पुढच्याच वर्षी फ्रेंचांनी तिथे किल्ला उभारला आणि 1758 मध्ये इंग्रजांनी ती जागा घेतली. आज तिथे बाग आणि कारंजं आहे.

आता पायाखाली बघ. या डोंगराचं जुनं नाव कोल हिल. कोळसा डोंगराच्या पोटात, नदी पायथ्याशी, मग भट्ट्या पेटायला किती वेळ लागणार! काठावर पोलादाचे कारखाने, माथ्यावर मजुरांची घरं, आणि त्यांची ने-आण करायला इनक्लाइन. एके काळी या शहरात अशा डझनाहून जास्त होत्या, आता दोनच उरल्यात. धूर इतका की 1940 च्या दशकात भरदुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागत. धुरावर निर्बंध घालणारा कायदा 1941 मध्ये झाला, अंमल 1946 मध्ये सुरू झाला. पुढे 1980 च्या दशकात एकामागून एक पोलाद कारखाने बंद पडले, घरंच्या घरं रिकामी झाली. समोर सगळ्यात उंच, गंजलेल्या रंगाची इमारत दिसेल, ती 64 मजली यू. एस. स्टील टॉवर. तो गंज मुद्दाम राखलेला आहे, तोच आतल्या पोलादाचं रक्षण करतो. आणि तिच्या माथ्यावर अक्षरं आहेत इस्पितळांच्या संस्थेची, यूपीएमसीची. शहराचं पोट आता कशावर चालतं, ते त्या एका इमारतीवरच लिहिलंय. मला हे शहर आवडतं ते यासाठी. पोटापाण्याचा धंदा बुडाल्यावरही ते उभं राहिलं, आणि जुनं काही लपवलं नाही.

तिथून कठड्याच्या कडेकडेने मैलभर चालत मोनोंगहेला इनक्लाइनपर्यंत जा. ही त्याहून जुनी, 1870 ची. हिने खाली उतर. अधूनमधून दुरुस्तीसाठी बंद असते, म्हणून सकाळीच खात्री करून घे. खाली आलीस की स्मिथफील्ड स्ट्रीट पूल पायी ओलांड. 1883 चा हा पूल गुस्ताव्ह लिंडेनथालने बांधला. बाजूने बघशील तर त्याच्या कैच्या, म्हणजे भार पेलणारे लोखंडी सांगाडे, भिंगासारख्या दिसतील, मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळत्या. पुलाच्या मध्यावर थांबून खाली बघ, नशीब असेल तर कोळशाचे बार्ज, म्हणजे सपाट तळाचे मालवाहू पडाव, जाताना दिसतील.

पूल संपला की तू भर शहरात. पोटात काहीतरी घाल, बॅग उचल आणि बसने शहराचाच ओकलंड हा भाग गाठ. तिथे पिट्सबर्ग विद्यापीठाची 42 मजली कॅथीड्रल ऑफ लर्निंग आहे. काम 1926 मध्ये सुरू झालं, मध्ये महामंदी आली, पैसे आटले. तेव्हा गावातल्या शाळकरी पोरांनीही दहा-दहा सेंट देऊन हातभार लावला. तळमजल्यावरच्या दालनात जाऊन नुसती बस. चार मजले उंच दगडी कमानी, आणि खाली पोरं अभ्यास करत बसलेली. आजूबाजूला वेगवेगळ्या देशांच्या परंपरेने सजवलेल्या वर्गखोल्या आहेत. भारताची खोली तिसऱ्या मजल्यावर, नालंदाच्या विटांच्या अंगणासारखी बांधलेली. या खोल्यांमधून खरे तास चालतात, त्यामुळे एखादं दार बंद मिळेल. बाहेरच्यांसाठीची वेळ आधी बघून ठेव.

चित्रकार अँडी वॉरहॉलचं संग्रहालय, स्ट्रिप डिस्ट्रिक्टचा बाजार, पेन हिल्सचं 1976 चं वेंकटेश्वर मंदिर, हे सगळं पुढच्या खेपेला. मंदिर शहराबाहेर पूर्वेला आणि विमानतळ पश्चिमेला, त्या धावपळीत दर्शनही धड व्हायचं नाही. आई विचारेल, तिला मी सांगेन.

विमानतळाची 28एक्स बस ओकलंडहूनच मिळते. संध्याकाळी फोर्ट पिट बोगद्यापाशी गाड्या तुंबतात, म्हणून साडेपाच म्हणजे साडेपाच. डोंगरावर वारा असतो, जाकीट बॅगेत टाकू नकोस, अंगावरच ठेव. फोनचं चार्जिंग बघ. आणि लाकडी दात्यांच्या त्या चाकाचा एक नीट फोटो मला पाठव.

तुझी,
ताई